खाराचे पाणी

विळ्याने कापलेल्या हरळीचा वास कोवळ्या काकडीसारखा येतो. सकाळी जमीन ओली असताना तो अधिक हिरवा असतो. ऊन चढले की त्यात वाळत्या चाऱ्याची किंचित गोडी उतरते. अकरा वर्षे मला या वासाने जाग आली. तुम्ही उकिडवे बसून खिडकीखालून पुढे सरकत असायचात, विळ्याचा खरखर आवाज भिंतीला लागून परत येई, आणि त्याच्या मागोमाग वास खोलीत शिरे. परवा तुमच्या तेरवीचा मांडव घालण्याआधी माणसांनी अंगणातले गवत कापले. मी मुद्दाम खिडकीशी जाऊन उभी राहिले. वास आला नाही. पौषातल्या पिवळ्या हरळीला वास नसतो, हे मला तुम्हीच शिकवले होते. तरी मी उभीच होते.

मामाजी, ही हिरवळ माझ्यासाठी लावली गेली होती. आज घरात कुणाला ते आठवतही नसेल. नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या या घराला तेव्हा रंगही लागला नव्हता. पुढच्या मोकळ्या जागेत विटांचे तुकडे, चुन्याची ढेकळे आणि उन्हाने भेगाळलेली काळी माती होती. तुमच्या मुलाशी लग्न होऊन मला दोन वर्षे झाली होती आणि मी मुलींच्या कॉलेजात मराठी शिकवू लागले होते. एका संध्याकाळी ओट्यावर चहा पिताना मी सहज बोलून गेले, की वसतिगृहात हिरवळ होती आणि तिच्यावर बसून वाचायची मला सवय होती.

तुम्ही कप खाली ठेवलात. "बसाले गवत पाह्यजे तुमाले?"

"तसे काही नाही, मामाजी. आपले आठवले."

"कोनतं गवत होतं?"

"हिरवे," मी म्हटले. याहून अधिक मला ठाऊक नव्हते.

सासूबाई, आपल्या आत्याबाई, दारातून म्हणाल्या, "आतापावतर गवत बैलासाठी आनत होते वं. आता सुनेसाठी!" तुम्ही हसला नाहीत. तुम्ही त्या विटांच्या तुकड्यांकडे पाहत होता.

आषाढात आपण दोघे तुमच्या गावी, पारशिवनीला गेलो. शेत तेव्हा तुमचे धाकटे भाऊ कसत. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून तुम्ही हरळीचे वेल मुळांसकट खणू लागलात तेव्हा काकाजींनी कमरेवर हात ठेवले.

"काहून गा दादा, हे काय करून राहिला?"

"हरळी नेतो."

"बापानं उभा जलम ही हरळी खंदून फेकली. एक कांडी वावरात राहिली म्हनून तुह्या पाठीत पराटीची काठी मोडली होती त्यानं. आन् आता तू तिले पोत्यात घालून शहरात नेतो? ल्हानपनचा मार फुकट गेला म्हनायचा!"

"शहरात वावर नाही गा," तुम्ही म्हणालात. "हरळी तरी राहू दे."

ते वाक्य मी तेव्हा एखाद्या सुंदर ओळीसारखे ऐकले. पन्नास वर्षे ज्या मातीत हात होते ती भावाच्या हवाली करून, मुलाच्या आग्रहाखातर तुम्ही शहरात आला होता. त्या दहा पावले लांब अंगणाखेरीज तुमच्या जाणकारीला येथे दुसरी जागा नव्हती. हे मला समजायला हवे होते. मी ओळ तेवढी लक्षात ठेवली.

परतीच्या बसमध्ये कंडक्टरने पोत्याला पायाने ढोसले. "काय हाये यात?" तुम्ही म्हणालात, "गवत." तो गाडीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "नागपुरात सारं भेटते बुवा, गवत तेवढं भेटत नाही काय!" तुम्ही पोते मांडीशी ओढून घेतलेत. ओल्या गोणपाटाचा वास तुमच्या धोतराला घरी येईपर्यंत होता.

पहिल्या दिवशी, खणलेल्या जमिनीतून तुम्ही चिमूटभर माती उचललीत, बोटांत चुरलीत आणि जिभेवर ठेवलीत. डोळे मिटलेत, बाजूला थुंकलात. "चांगली हाये. खारटपना नाही." मला हसू आले होते. पुढे वर्गात, कवितेतल्या रसनेच्या प्रतिमा शिकवताना, मी ही गोष्ट तुमचे नाव न घेता सांगितली. मुलींनी ती वहीत उतरवून घेतली. शिकवणारीने मात्र तिच्यातून काही घेतले नाही.

मग कन्हान नदीची वाळू आली, पारशिवनीहून काकाजींनी बैलगाडीभर शेणखत पाठवले. तुमचा वसंता, माझे पती, खताकडे पाहून नाक मुरडत म्हणाले, "बाबा, हे कच्चे असेल. यातून हुमणीच्या अळ्या येतात, मुळे खातात. मी नर्सरीतून पिशव्या आणतो." तुम्ही मूठभर खत त्यांच्या नाकाशी नेलेत. "वास घे. येते का शेनाचा वास? दोन सालं मुरेल हाये हे." ते मागे सरकले, तुम्ही खत पसरलेत. हा वाद तेथे मिटला असे मला वाटले. तो नुसता दबला होता.

वेलांचे तुकडे तुम्ही चार-चार बोटांवर लावलेत, प्रत्येक तुकड्याचे एक पेर मातीबाहेर राहील असे. "तिले डोये आहेत. डोये झाकले तर येनार कशी?" श्रावणात त्या डोळ्यांतून तांबूस कोंभ निघाले, दिवाळीपर्यंत जमीन झाकली गेली. सिमेंटच्या फुटक्या नळकांड्यात दगड भरून तुम्ही त्याचा रूळ केला होता आणि तो ओढताना तुम्ही जित्राबाशी बोलावे तसे त्याच्याशी बोलत होता. मोथ्याच्या तणाचा एकेक कांदा सळईने उकरून काढलात. आणि एका दुपारी गवतावर सतरंजी अंथरून म्हणालात, "बसा आता. वाचा."

मी वाचले. माझ्याच कविता होत्या. तुम्ही धोतराचा सोगा मांडीवर घेऊन, वहाणा बाजूला काढून ऐकत होता. एका कवितेत थंडीतल्या पिवळ्या गवताला मी 'मेलेले' म्हटले होते. तुम्ही हात वर केलात.

"हे चुकलं."

"काय चुकले?"

"मेलं नाही ते. थंडीत हरळी वाढत नाही, पिवळी पडते, पन मातीखाली जित्ती असते. ऊन तापलं का उठते. हे गवत उन्हाचं हाये, सूनबाई. लोकाले उन्हाळ्यात घाम येते, याले जीव येते."

"मामाजी, कवितेत ते मनाच्या अवस्थेसाठी आले आहे."

"मनाचं मले नाही समजत. गवताचं खोटं लेहू नका."

मी तो शब्द बदलला नाही. आपण दर हिवाळ्यात त्यावर भांडलो. तुम्ही चेष्टेने विचारायचात, "उठलं का तुमचं मेलेलं गवत?" मी तुमच्या चैत्रातल्या हिरव्या पुराव्याकडे पाहत नाही असे दाखवायची. तो वाद अजून माझ्या बाजूने अपुरा आहे, आणि आता मी तो हरायला तयार आहे.

पण मला ज्याविषयी लिहायचे आहे, त्याच्याभोवतीच मी फिरते आहे.

पुढल्या साली पाऊस ओढून गेला. उन्हाळ्यात नळाला सकाळी जेमतेम तासभर पाणी येई. ऐन उन्हातच हरळीची वाढ होते आणि पाणीही तिला तेव्हाच लागते, म्हणून तुम्ही घरात एक नियम केलात: वापरलेले पाणी मोरीत जायचे नाही. तांदळाचे धुवण, भाजीचे पाणी, आंघोळीचे पाणी, सारे बादलीत साठायचे आणि संध्याकाळी गवतावर जायचे. आत्याबाई कुरकुरत. "गवताचा थाट पाहा! मानसं कोरडी, आन् ते न्हाऊन राहिलं." पण नियम पाळत.

ज्येष्ठात लोणच्याच्या कैऱ्या आल्या. मागच्या वर्षीच्या खारातल्या कैऱ्या संपल्या होत्या. दोन मोठ्या बरण्यांत नुसता खार उरला होता आणि तळाशी न विरघळलेल्या मिठाचा बोटभर थर. नव्यासाठी बरण्या रिकाम्या करून ठेव, असे आत्याबाईंनी मला सांगितले आणि त्या शेजारी हळद कुटायला गेल्या. मी खार बादलीत ओतला. तळाचे मीठ पळीने खरवडून त्यातच घातले. त्या दिवशी एका कवितेची शेवटची ओळ मनात जुळत आली होती. तिची लय तुटू नये म्हणून मी भराभर हात चालवत होते. बादली भरली. भरलेल्या बादलीची जागा मला ठाऊक होती. मी बाहेर गेले आणि चाफ्याजवळच्या गवतावर ती तीन ठिकाणी ओतली. तापलेल्या जमिनीने आवाज करून पाणी पिऊन घेतले. हिंग-हळदीचा आंबूस वास माझ्या नाकाला लागला होता, मामाजी. मी तो घेतला आणि ओळ लिहायला आत गेले.

ती ओळ आज मला आठवत नाही.

चौथ्या दिवशी गवतावर तीन करपट डाग दिसले, बादली ओतल्यावर पाणी पसरते तसे, एका बाजूला लांबट. मला पाहताक्षणी कळले. वसंतराव कचेरीत निघाले होते. त्यांनी सायकल भिंतीला टेकवली.

"घ्या! सांगितले होते की नाही, बाबा? कच्चे शेणखत. हुमणीने मुळे खाल्ली. हे पारशिवनीचे वावर नाही, इथे वेगळे करावे लागते. पण तुम्हाला कोण सांगणार!"

तुम्ही डागापाशी बसलात. गवत ओढून पाहिलेत. मुळे शाबूत होती. माती चुरलीत. चिमूटभर जिभेवर ठेवलीत. मी दारात होते, हातात दुधाचे पातेले. तुम्ही थुंकलात आणि मान वर केलीत. कुंपणाच्या भिंतीवर दोन बरण्या पालथ्या वाळत होत्या. तुमची नजर तेथे टेकली, मग दाराकडे आली, मग पुन्हा खाली मातीकडे गेली.

"हो गा," तुम्ही म्हणालात. "माहंच चुकलं."

मी गप्प राहिले. किती क्षुल्लक कारणाने, हे सांगायला आज लाज वाटते. मला मारझोड होणार नव्हती, घराबाहेर काढणार नव्हते. 'शिकेल सून, खार कुठं ओतावं समजत नाही,' एवढे एक वाक्य आत्याबाई म्हणाल्या असत्या, आणि ते चार-सहा दिवस शेजारी फिरले असते. तेवढ्याला मी घाबरले. संध्याकाळी सांगू म्हटले, मग उद्या, मग रविवारी, तुम्ही एकटे असताना. एकदा राहून गेलेले सत्य दिवसागणिक जड होत जाते. महिन्याभराने मला ते उचलवेना.

आणि तुमचे काय झाले, ते मी रोज पाहिले. काकाजींची बैलगाडी पुढल्या वर्षी खत घेऊन आली तेव्हा वसंतरावांनी ती फाटकातूनच परत पाठवली. काकाजी फाटकाशी उभे राहून तुमच्याकडे पाहत होते. तुम्ही मोथा उकरत राहिलात. नर्सरीच्या पिशव्या आल्या. त्याआधी घरात विहिरीची जागा, लिंबाचे झाड, पावसाचा अंदाज, सारे तुम्हाला विचारून होई. हळूहळू विचारणे थांबले. कुणी विचारलेच तर तुम्ही म्हणायचात, "वसंताले विचारा. मले गावातलं समजते, शहरातलं नाही समजत." कापणी तुम्हीच करायचात, निंदणी तुम्हीच, रूळ तुम्हीच ओढायचात. पण खत किती, पाणी केव्हा, हे दुसऱ्याने सांगायचे. स्वतः लावलेल्या गवतावर तुम्ही मजूर झालात. मी खिडकीतून तो काकडीचा वास घेत राहिले आणि त्यावर कविताही लिहिल्या.

काही गोष्टी मी पाहिल्या आणि त्यांचा अर्थ लावायचे टाळले. त्या दुष्काळी उन्हाळ्यात, डाग पडल्यानंतर, तुम्ही रोज आपल्या आंघोळीच्या दोन्ही बादल्या, न वापरलेले गोडे पाणी, त्या तीन जागी ओतायचात आणि स्वतः ओल्या पंच्याने अंग पुसून घ्यायचात. वसंतराव म्हणाले, "मेलेल्या गवतावर पाणी काय घालता, बाबा?" तुम्ही म्हणालात, "घालू दे गा." शेतकऱ्याच्या सुनेला एवढे समजायला हवे होते, की हुमणी पाण्याने जात नाही, मीठ मात्र मुळांच्या खाली उतरते. आणि त्यानंतर दर ज्येष्ठात, बरण्या रिकाम्या करायची वेळ आली की तुम्ही न बोलावता स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचात. "द्या ते इकडं. मी नालीत टाकून येतो." मी बादली तुमच्या हाती द्यायची. दहा वर्षे. बादली देताना आपली नजर कधी भिडली नाही. म्हाताऱ्या माणसाची माया आहे, असे मी स्वतःला सांगत आले. माया होतीच, पण ते नुसती माया म्हणून सोडून देणे माझ्या सोयीचे होते.

डाग भरायला दोन वर्षे लागली. कडेचे वेल बोट-बोट करत आत आले. आता ती जागा कुणालाही दाखवता येणार नाही. मला डोळे मिटून दाखवता येईल.

शेवटच्या दिवसांत तुमची खाट तुम्ही खिडकीशी ओढून घ्यायला लावलीत. श्वास लागत होता, तरी उन्हाची तिरीप गवतावर कुठवर आली ते तुम्ही पाहायचात. एका दुपारी मी पेजेची वाटी घेऊन बसले होते. घरात दुसरे कुणी नव्हते.

"उठंल का तुमचं मेलेलं गवत?" तुम्ही विचारलेत. आवाजात जुनी चेष्टा होती, दम नव्हता.

"उठेल, मामाजी. चैत्रात उठेल."

तुम्ही बरे वाटल्यासारखे डोळे मिटलेत. मग उघडलेत आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलेत.

"आन् काही सांगायचं हाये का, सूनबाई?"

चमचा वाटीत थांबला. सारे ओठांवर आले होते: दोन बरण्या, बादली, हिंगाचा वास. मला वाटले, आजारी माणसाला आता कशाला; वाटले, बरे झाल्यावर सांगू. खरे म्हणजे अकरा वर्षांपूर्वीची तीच भित्री सून दारात पातेले धरून उभी होती.

"नाही," मी म्हटले. "काही नाही."

"बरं," तुम्ही म्हणालात आणि तोंड उघडलेत, लहान मुलासारखे. मी पेज भरवली. चौथ्या दिवशी तुम्ही गेलात.

तेरवीची पंगत गवतावरच बसली. तीनशे पावलांनी ते चेपून जमिनीला लागले. काकाजी आले होते; उठताना त्यांनी जमिनीला हात लावून कपाळाला लावला आणि बसच्या वेळेला निघून गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी घर रिकामे झाले. आत्याबाई उन्हाला गवतावर येऊन बसल्या होत्या, चाफ्याच्या जवळ, नेमक्या त्या जागी. त्यांची बोटे चेपलेले गवत उभे करत होती. मी समोर बसले. या वेळी मी उद्यावर टाकले नाही.

"आत्याबाई, ते हुमणीने झाले नव्हते. मामाजींच्या खताने नव्हते. खाराच्या बरण्या मी इथे ओतल्या होत्या."

त्यांनी मान वर केली नाही. "मालूम हाये मले."

"तुम्हाला?"

"त्याच दिवशी सांगतलं त्याइनं. म्हने, मातीले मीठ लागलं, सूनबाईच्या हातून झालं असंल. म्या म्हनलं, मंग वसंताले सांगा ना, काहून उगा बोलनं खाता? तर म्हने, तू बोलू नको. पोरगी शिकेल हाये, समजदार हाये, ते आपल्या मनानंच सांगंल." एक वाळकी काडी त्यांनी तोडून बाजूला ठेवली. "मले शपथ घातली होती वं. नाहीतं म्या ऐकून घेतलं असतं काय?"

ऊन पाठीवर होते. रस्त्यावरून सायकलची घंटी गेली. मी ते विचारायला नको होते. पण न विचारता या अंगणात मला पुन्हा कधी पाय ठेवता आला नसता.

"आत्याबाई," मी म्हटले, "शेवटपर्यंत वाट पाहिली त्यांनी?"

त्यांनी जमिनीवर तळहात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि तो तसाच राहू दिला.

"पाह्यली."